कोकणात घडणाऱ्या ऑनलाइन कथामालिका आणि वाचकांच्या प्रतिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर घडणारी मालिका भागाभागांनी लिहिणाऱ्यांसाठी आणि ती वाचून मनापासून बोलणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. उदाहरणाला एकच मालिका धरली आहे. देवगडकडची हापूसची बाग. थोरल्या भावाच्या पश्चात ती राखणारी वहिनी. मुंबईला स्थायिक झालेला धाकटा दीर आणि बाग विकायचा त्याने घातलेला घाट.

भाग टाकल्यावर प्रतिक्रिया लगेच वाचाव्यात का?

वाचा, पण दोन दिवस पुढच्या भागाच्या मजकुराला हात लावू नका. पहिल्या काही तासांत बोलतात ते नेहमीचे वाचक. ते मालिकेवर आधीच जीव लावून बसलेले असतात, त्यामुळे कौतुकही भरभरून आणि रागही भरभरून. लोकलमध्ये उभ्याने वाचणारा चाकरमानी आणि रात्री भांडीकुंडी आवरून निवांत वाचणारी गृहिणी यांना एकाच भागात वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. दुसऱ्या प्रकारचं वाचन पोचायला दीड-दोन दिवस लागतात. तोवर संवाद बदललात तर अर्ध्याच वाचकांचं ऐकल्यासारखं होतं.

शंभर प्रतिक्रियांतून कामाची नेमकी कशी ओळखायची?

एक वही घाला. चार रकाने पुरे: भाग क्रमांक, प्रसंग, वाचकाचे शब्द जसेच्या तसे, आणि शेवटी वाचक कशामुळे अडला याचा तुमचा अंदाज. तिसरा रकाना भरताना स्वतःच्या भाषेत सारांश करू नका. ‘वहिनी आवडली नाही’ आणि ‘वहिनी अशी वागणारच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सारांशात तो हमखास हरवतो. चौथा रकाना तीन-चार दिवसांनी भरा.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन वाचक एकाच जागी अडखळले तर ती जागा तपासायचीच. एकाच माणसाने तीनदा लिहिलं तर ते एकच मत. वस्तुस्थितीची चूक मात्र याला अपवाद आहे. तिथे एकटा वाचक बरोबर असला तरी पुरे.

वॉटपॅड आणि प्रतिलिपी ही ऑनलाइन कथा लिहिण्या-वाचण्याची व्यासपीठं. वॉटपॅडवर परिच्छेदाशेजारीच लिहिता येतं, त्यामुळे जागा आपोआप कळते. प्रतिलिपीवर अभिप्राय आणि पाचपैकी तारे भागाखाली येतात, तिथे जागा शब्दांवरून शोधावी लागते. नुसत्या ताऱ्यांवरून काहीच ठरवू नका. आवडतं पात्र दुखावलं म्हणून एक तारा देणारा वाचक पुढचा भाग सगळ्यांत आधी उघडतो.

वाचक सांगतात तसा बदल करावा का?

वाचक दुखण्याची जागा अचूक दाखवतो. उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा सुचवतो, कारण दुखण्याचं मूळ मागे कुठेतरी असतं आणि मागचे भाग त्याच्या हातात नसतात, ते तुमच्या हातात असतात. त्याने बोट ठेवलेल्या भागापासून दोन-तीन भाग मागे जाऊन पाहा.

समजा, चौदाव्या भागात वहिनी विक्रीच्या कागदावर सही करते. प्रतिक्रिया येतात: ‘वहिनी असं करूच शकत नाही’, ‘तिने कागद फाडायला हवा होता’. कागद फाडलात तर मालिका तिथेच संपते. मागे जाऊन अकरावा भाग वाचा. मोहोर गेल्याचा उल्लेख तिथे दोन ओळींत उरकलेला सापडेल: ‘यंदा मोहोर गेला. वहिनी खचली.’ वाचकाने खचणं पाहिलंच नाही, तर सही त्याला पटणार कशी?

तो भाग असा लिहून पाहा. डिसेंबरात मोहोर भरून आला. मग आठवडाभर आभाळ भरलेलं राहिलं. तुडतुडा पडला, पानं चिकट झाली, मोहोरावर भुरीची पांढरी बुकटी बसली. वहिनीने उसनवारी करून एक फवारणी केली, पाठोपाठ दुसरी. रात्री चिमणीच्या उजेडात ती जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर औषधाचे, गड्यांचे आणि राखणदाराचे पैसे मांडते. बेरीज करते, पुसते, पुन्हा करते. एवढं वाचलेला माणूस चौदाव्या भागात सहीवर रडेल, पण ‘असं होणारच नाही’ म्हणणार नाही. प्रसिद्ध झालेला भाग बदलायचा नसेल तर हिशेबाचा असा कागद पुढे दिराच्या हाती पडू द्या. मागची उणीव पुढे भरून निघते.

‘तो दीर डोक्यात जातो’ अशा प्रतिक्रिया येतात. हे यश की अपयश?

वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. ‘त्याने वहिनीला साधा चहा विचारला नाही’ असं वाचक लिहितो तेव्हा तो पात्रावर रागावलेला असतो, आणि तो राग तुम्हाला हवाच आहे. ‘किती ताणताय’, ‘परत तेच’ हा राग लेखकावर असतो. दोन्ही मिसळायला लागले, म्हणजे एकाच प्रतिक्रियेत दीरही वाईट आणि भागही कंटाळवाणा, तेव्हा बहुधा दिराला कारणच दिलेलं नसतं.

त्याला कारण द्या. चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तीत सहा माणसं, मुलीचं बारावीचं वर्ष, पोटमाळ्यावर अभ्यास. एका भागात ही खोली दाखवलीत की वाचकांत दोन तट पडतात. काही जण दिराची बाजू घेतात आणि चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते. त्यासाठी त्याला सज्जन करायची गरज नाही.

नायिकेला सगळे ‘सोशिक’ म्हणू लागले आहेत. काय चुकतंय?

गेले पाच भाग उघडा आणि वहिनीच्या निर्णयाने गोष्टीत काय बदललं ते मोजा. उत्तर शून्य आलं तर वाचक खरं बोलत आहेत. तिला भांडखोर करणं हा उपाय नव्हे, त्याने पात्रच बदलतं. तिला एक लहानसा पण परिणाम होणारा निर्णय घेऊ द्या. दरवर्षी बाग व्यापाऱ्याला ठरावीक रकमेला द्यायची पद्धत ती मोडते. आंबा स्वतः उतरवून घेते, पिकण्यासाठी पेंढ्यात अढी घालते, पाच-पाच डझनांच्या पेट्या स्वतः भरते आणि पहिली पेटी दिराच्याच पत्त्यावर पाठवते. या भागावर येणाऱ्या प्रतिक्रियांत ‘सोशिक’ हा शब्द उरत नाही.

पुढे काय होणार ते वाचकांनी ओळखलं. कथानक बदलू का?

नाही. त्यांनी ओळखलं याचा अर्थ तुम्ही पेरलेलं उगवलं. चकवा देण्यासाठी वळण बदललंत तर आधीच्या सगळ्या खुणा खोट्या पडतात आणि सर्वांत लक्षपूर्वक वाचणारा वाचकच सर्वांत जास्त दुखावतो. ते वळण एक-दोन भाग अलीकडे घ्या आणि ‘काय होणार’ हा प्रश्न संपवून ‘कोणाला काय मोजावं लागणार’ हा पुढे आणा.

कधी वाचक तुम्हाला न दिसलेली वाट दाखवतो. या मालिकेत कुणीतरी विचारणारच: ‘सातबाऱ्यावर नणंदेचं नाव असेल ना? तिची सही कुठे आहे?’ प्रश्न बिनतोड आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मानला गेला. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेलेली, आतापर्यंत फक्त गणपतीला दिसलेली नणंद अचानक गोष्टीच्या मध्यभागी येते. अशी प्रतिक्रिया मिळाली तर वाचकाचे उघडपणे आभार माना. चूक झाकायला ‘तिने आधीच हक्कसोड करून दिलं होतं’ असं एका ओळीत सांगून मोकळं होऊ नका. हातात आलेला आयता भाग वाया जातो.

पात्र मेलं आणि वाचक संतापले. परत आणावं का?

ही मागणी जुनी आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला मारलं. १९०१ मध्ये त्यांनी त्याची मृत्यूपूर्वीची एक कथा क्रमशः दिली आणि १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणलं. हे जमलं, कारण होम्स धबधब्याच्या कड्यावरून पडल्याचं सांगितलं होतं, पण प्रेत कुणी पाहिलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या गोष्टीत हेच समुद्राचं होतं. होडी उलटली, माणूस सापडला नाही, एवढ्यावर भाग संपवलात तर वाचक पन्नासाव्या भागापर्यंत त्याची वाट पाहणार, आणि त्याला तसा हक्क आहे. किनाऱ्यावरची घरंही अशीच वाट पाहतात. परत आणायचं असेल तरच दार उघडं ठेवा. मृत्यू कायमचा असेल तर तो पुरता दाखवा: प्रेत कुठे लागलं, ओळख कुणी पटवली, दहाव्याला कावळा शिवायला किती वेळ लागला, आणि शेवटी कोणी काय कबूल केल्यावर तो शिवला. मृत्यूनंतर निदान एक अख्खा भाग शोकासाठी राखा. पुढच्याच भागात कोर्टकचेरी सुरू झाली की वाचकांचा संताप होतो आणि तो रास्तच असतो, कारण त्यांना रडायला जागाच मिळालेली नसते.

मृत्यूचा भाग टाकल्यावर तीन-चार दिवस स्पष्टीकरणं देऊ नका. ‘कथेची गरज होती’ हे वाक्य तर नकोच.

स्थानिक वाचक बारीकसारीक चुका काढतात. एवढं मनावर घ्यावं का?

घ्यावं. भरतीची वेळ चुकलेली दिसली की कोकणातला वाचक पुढच्या भावनेवरही विश्वास ठेवत नाही. वारंवार होणाऱ्या चुका अशा:

भरती-ओहोटी. अष्टमीच्या संध्याकाळी सहा वाजता नायिका खडकापर्यंत ओल्या वाळूतून चालत जाते, असं लिहिलं की मच्छीमार कुटुंबातला वाचक लगेच टोकतो. किनाऱ्यावरचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भर भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाला दोन भरत्या असतात, त्यामुळे हीच वेळ पहाटे-सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी-रात्री येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणजे अष्टमीला सहा वाजता खडकाला पाणी लागलेलं असणार. प्रसंग दुपारी बाराला न्या, किंवा संध्याकाळच हवी असेल तर तिथी पौर्णिमेच्या आसपासची घ्या. गावागणिक थोडा फरक पडतो, पण गोष्टीसाठी हा हिशेब पुरतो. उधाण म्हणजे मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येला आणि भांग म्हणजे लहान भरती अष्टमीच्या आसपास, हेही उलटसुलट करू नका.

मासेमारी. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. जुलैच्या मध्यावर नायकाचा ट्रॉलर सुरमई घेऊन बंदरात शिरला की प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. त्या दिवसांत घरात खाडीचे मासे, सुका बांगडा, सोडे दाखवा.

आंबा. मोहोर थंडीत, फळ मुख्यतः मार्चअखेर ते मे. गणपतीत झाडावर पिकलेला हापूस लोंबत नसतो.

गाडी. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावते. पळून जाणारं जोडपं जुलैत नेहमीच्याच वेळेला कुडाळला उतरलं तर कणकवलीचा वाचक हटकून विचारतो.

चूक दाखवणाऱ्याला ‘ही काल्पनिक कथा आहे’ असं उत्तर देऊ नका. गाव काल्पनिक असू शकतं, चंद्र नाही.

संवाद मालवणीत लिहिले तर काही वाचक ‘कळत नाही’ म्हणतात, प्रमाण मराठीत लिहिले तर ‘खोटं वाटतं’ म्हणतात.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवा. अर्थ पुढच्या उत्तरातून किंवा कृतीतून उघडू द्या. ‘खंय होतंस?’ असं सासू विचारते आणि सून ‘बाजारात’ म्हणून पिशवी खाली ठेवते. इथे अर्थ सांगावा लागत नाही. कंसात अर्थ दिला की प्रसंगाची लय तुटते. सलग तीन-चार ओळींपेक्षा लांब बोली आली तर मध्ये एखादी हालचाल घाला.

जास्त महत्त्वाचं हे की कोकणात एकच बोली नाही. सिंधुदुर्गातलं ‘माका-तुका’ गुहागर-दापोलीच्या आजीच्या तोंडी घातलं तर तिकडचे वाचक दुखावतात. संगमेश्वरी वेगळी, रायगडातली आगरी वेगळी, कोळ्यांची वेगळी. पात्राचं गाव आधी ठरवा. मग त्या गावच्या माणसाला संवाद मोठ्याने वाचून दाखवा आणि तो जिथे थांबेल तिथे खूण करा.

राखणदार, देवचार, गाऱ्हाणं यांवरच्या भागांवर वाद होतात.

कारण हे बहुतेक वाचकांसाठी भुताटकीचं साहित्य नाही, घरातली श्रद्धा आहे. राखणदार किंवा देवचार म्हणजे गावाच्या सीमेचं रक्षण करणारी अदृश्य शक्ती, आणि गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. राखणदाराला सूडाने पछाडलेलं भूत केलंत तर वाचक रागावणारच. गाऱ्हाणं घालणारा माणूस कोण, त्याला तो मान कसा मिळाला, ‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणतं, हे नीट बघून मगच लिहा. पात्राने शंका घेतली तर वाचक सहज स्वीकारतो. निवेदनाने टिंगल केलेली तो स्वीकारत नाही.

‘ही आमच्याच घरची गोष्ट आहे’ असं कुणी लिहिलं तर?

दोन शक्यता असतात. वाचकाला आपलं घर दिसलं असेल तर ती दाद आहे, आभार माना आणि थांबा. खरंच ओळख पटण्यासारखं काही उतरलं असेल तर ते दुरुस्त करा. आडनाव, वाडी आणि धंदा ही तीन एकत्र आली की लहान गावात माणूस ओळखू येतो. तिन्हींतली निदान दोन बदला. वाद कोर्टात चालू असलेलं खरं प्रकरण मालिकेत घेऊ नका. आणि ‘ओळखा पाहू कोण’ अशा सुरात उत्तर कधीही देऊ नका.

वाचनसंख्या दिसते, पण कुणी काही लिहीतच नाही.

पहिल्या भागाकडून दुसऱ्याकडे जाताना संख्या घटते, त्याची काळजी नको. तिसऱ्यापासूनचे आकडे बघा. एखाद्या भागावर एकदम घसरण असेल तर त्याच्या आधीच्या भागाचा शेवट वाचा, गळती तिथून झालेली असते. प्रतिक्रिया हव्या असतील तर ‘कसा वाटला?’ विचारू नका, त्याला ‘छान’ हेच उत्तर मिळतं. ‘दिराचा राग नेमका कोणत्या क्षणी आला?’ असं विचारा. पुढे काय व्हावं याचं मतदान मात्र टाळा. हरलेल्या बाजूचे वाचक मग मालिकाच सोडतात.

गणपतीत खंड पडतो आणि वाचक नाराज होतात.

क्रमशः कादंबरी म्हणजे वेळेचा करार. हरिभाऊ आपट्यांच्या १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकापासून मराठी वाचकाला ही सवय आहे. सहा भाग तयार ठेवल्याशिवाय मालिका सुरू करू नका. गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन वेळा आधीच धरून ठेवा. खंड घ्यायचा तर तारखेसह सांगा, आणि परतल्यावर पहिल्या भागाच्या डोक्यावर ८०-१०० शब्दांत मागची आठवण द्या.

प्रसिद्ध झालेला भाग दुरुस्त करावा का?

शुद्धलेखन, तिथी, माशाचं नाव: लगेच करा, आणि तथ्य बदललं असेल तर भागाखाली एक ओळ टाका. घटना बदलू नका. वाचकाने पाहिलेली सही पुसली की त्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जातो.

वाचक म्हणून उपयोगी प्रतिक्रिया कशी लिहावी?

कुठे थांबलात ते वाक्य सांगा. तिथे काय अपेक्षित होतं ते सांगा. चूक दाखवत असाल तर तुम्हाला ती कशी माहीत तेही लिहा: ‘आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे’ अशा एका वाक्याने लेखकाला किती वजन द्यायचं ते कळतं. रहस्य पहिल्या दोन ओळींत फोडू नका, त्या इतरांना आधी दिसतात. आणि पात्राला हवं ते बोला, पण लेखकाच्या घरच्यांवर जाऊ नका.

शेवटाबद्दल वाचक काय धरून बसतात?

बाग विकली गेली की राहिली, यावर एकमत होत नाही आणि तसं होण्याची गरजही नाही. वाचक अडतात ते अर्धवट सोडलेल्या वस्तूंवर. शेवटचे तीन भाग लिहिण्याआधी वही उघडा आणि वाचकांनी आजवर ‘त्याचं काय झालं?’ म्हणून विचारलेली प्रत्येक गोष्ट काढा. हिशेबाचा कागद. दिराकडे गेलेली पहिली पेटी, ती त्याने उघडली का. माजघरातल्या पेटाऱ्याची किल्ली, जी चौथ्या भागात वहिनीने पदराला बांधली आणि त्यानंतर कुणालाच दिसली नाही.